कान तयार कोण करणार?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढून जाणाऱ्या वाटेवर, खडकात कोरून काढलेले एक लहानसे विष्णुमंदिर आहे. चतुर्भुज मंदिर या नावाने ते ओळखले जाते. त्यातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि या बागेतून देवाला रोज ५० हार. या आकड्यांतील शून्ये ही भारतात दगडावर कोरलेल्या व काळ निश्चित झालेल्या शून्यांपैकी अत्यंत जुनी मानली जातात. गणिताच्या इतिहासकारांना त्या शून्याचे कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. पण आपल्यासारख्या सामान्य माणसाने तो लेख आणखी एका दृष्टीने पाहावा. तो जमिनीचा उतारा आहे. कोरणाऱ्याच्या हातून ते एक वाटोळे चिन्ह गळाले असते, तर २७० हातांचे २७ हात झाले असते. अशा ठिकाणी लिहिणारा एक लागतो आणि लिहिलेले डोळ्यांत तेल घालून वाचणारा दुसरा लागतो.

त्याच ग्वाल्हेरात १९९७ साली केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन यांचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव तिला दिलेले आहे. तेथे किंवा आपल्या फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो मुळात त्या शिलालेखाइतकाच जुना आहे. लिहिणारा कोण आणि तपासणारा कोण, हाच तो प्रश्न. फरक एवढाच की आता लिहिणाराही यंत्र आहे आणि तपासणाराही यंत्रच आहे.

हा नवा प्रकार वाचकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला एखादे काम आणि ते पार पाडण्याची साधने सोपवली, की तिला एजंट म्हणतात. जुन्या पेढीवरचा शब्द वापरायचा तर हे गुमास्ते होत. प्रारंभी एकाच गुमास्त्याकडून सारी आज्ञावली लिहून घेत असत. आता त्यांची तुकडीच नेमतात. एक जण कामाचा आराखडा करतो, दुसरा आज्ञावली लिहितो, तिसरा ती चालवून पाहतो, चौथा चोरवाटा राहिल्या आहेत काय ते हुडकतो, आणि या सर्वांवर एक मुकादम असतो. २०२३ मध्ये चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ‘चॅटडेव्ह’ या नावाने अशी एक संपूर्ण कंपनीच संगणकात उभी करून दाखविली. संचालकापासून परीक्षकापर्यंत तिच्यातील सगळी पदे यंत्रांकडेच होती. त्यानंतर ही पद्धत प्रयोगशाळेतून कचेऱ्यांत येण्यास फारसा वेळ लागला नाही.

या पद्धतीची थट्टा करण्याचे कारण नाही. कामाची वाटणी केली की नजर तीक्ष्ण होते, हा माणसांच्या बाबतीतही अनुभव आहे. १९७६ साली आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन यांनी आज्ञावली तपासण्याची जी शिस्त जगापुढे मांडली, तिच्यातही लहानसा गट आणि प्रत्येकाला ठरवून दिलेली भूमिका हेच मर्म होते. ज्याला केवळ चोरवाटाच शोधायच्या आहेत, त्याचे लक्ष इतरत्र विखुरत नाही. शिवाय हे गुमास्ते कंटाळत नाहीत, मध्यरात्रीही काम करतात आणि पुष्कळदा खरोखरीच्या चुका काढून देतात. तेव्हा ते वापरू नयेत असे म्हणणे अरण्यरुदन ठरेल, आणि ते शहाणपणाचेही नव्हे.

आक्षेप आहे तो वेगळ्याच ठिकाणी. पाच जणांनी तपासले म्हणून काम निर्दोष झाले, अशी जी समजूत हल्ली पसरत आहे ती धोक्याची आहे. पंचांच्या मुखी परमेश्वर वसतो असे आपण म्हणतो, ते पंच पाच निरनिराळ्या घरचे असतात म्हणून. एकाच माणसाने पाच पगड्या घालून निवाडा दिला, तर त्याला पंचायत म्हणत नाहीत. गुमास्त्यांच्या तुकडीत पुष्कळदा नेमके हेच घडते. भूमिका निराळ्या असल्या तरी आतले प्रारूप एकच असते, आणि प्रारूपे वेगळी घेतली तरी ती बऱ्याच अंशी त्याच मजकुरावर पोसलेली असतात. एकाची नजर जेथे चुकते, तेथे दुसऱ्याचीही चुकण्याचा संभव म्हणूनच मोठा.

ही शंका काल्पनिक नाही. १९८६ साली जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन या अमेरिकन संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून एकाच कामासाठी २७ आज्ञावल्या स्वतंत्रपणे लिहवून घेण्यात आल्या आणि प्रत्येकीची १० लाख वेळा परीक्षा झाली. वेगळी डोकी वेगळ्या ठिकाणी चुकतील, ही अपेक्षा खोटी ठरली. अनेकांनी त्याच अवघड जागी ठेच खाल्ली होती. जिवंत, निरनिराळ्या माणसांची ही गत, तर एकाच साच्यातून निघालेल्या यंत्रांविषयी काय बोलावे? ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘आरियान ५’ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणारे एक यंत्र बिघडले तर हाताशी असावे म्हणून तसेच दुसरे यंत्र त्यात बसविलेले होते. परंतु दोहोंतील आज्ञावली एकच होती, आणि ती दोन्ही क्षणार्धाच्या अंतराने एकाच कारणाने बंद पडली. पहारेकरी दोन होते, पण झोप एकच होती.

म्हणून अखेरचा वाचक माणूसच असला पाहिजे. येथवर बहुतेक तज्ज्ञांची संमती मिळते. मात्र तो माणूस येणार कोठून, याचा विचार फारसा कोणी करताना दिसत नाही.

ग्वाल्हेरची दुसरी कीर्ती येथे आठवते. ख्याल गायकीच्या या माहेरघरी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ती विद्या त्यांनी महाराष्ट्रात आणली. आपल्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानातले रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरात निसार हुसेन खाँसाहेबांपाशी शिकले आणि पुढे मास्टर दीनानाथांसारख्यांना त्यांनी तालीम दिली. त्या परंपरेत शिष्य वर्षानुवर्षे गुरूच्या मागे तंबोरा धरून बसे. स्वतःचा सूर शेकडो वेळा चुकवून, टोमणे खाऊन तो शिके. तेव्हा कोठे दुसऱ्याच्या गळ्यातला कणभर उतरलेला सूर त्याला ऐकू येऊ लागे. यालाच आपण तयार कान म्हणतो, आणि तो गळा झिजविल्याखेरीज मिळत नाही.

संगणकाच्या कामातही हेच आहे. नवा अभियंता आजवर लहानसहान दुरुस्त्यांपासून सुरुवात करी. आपण लिहिलेले मोडते कसे, हे तो रात्री जागून शिके, आणि त्यातूनच आठ-दहा वर्षांनी वरिष्ठ परीक्षक तयार होई. हे पायरीचे काम आता गुमास्त्यांकडे जात आहे. मालकाच्या ताळेबंदात ती बचत दिसेल. परंतु बियाणे खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्यालाही त्या वर्षापुरती बचतच दिसत असते. आज जे जाणते परीक्षक आहेत ते निवृत्त झाल्यावर गुमास्त्यांच्या कामावर सही कोण करणार? स्वतः कधी न लिहिलेला तरुण सही करील. पण ती न वाचता केलेली सही असेल.

अशा सहीची किंमत कोण मोजतो, हे ब्रिटनमधील पोस्टमास्तरांना विचारावे. तेथील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबयंत्रणेने खोट्या तुटी दाखविल्या, आणि संगणक बरोबरच असणार असे गृहीत धरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ती आज्ञावली माणसांनीच लिहिली होती. दोष होता तो यंत्रावरील आंधळ्या विश्वासाचा, आणि जबाबदार व्यक्तीचे नाव पुढे न येण्याचा. उद्या आपल्या ‘एक-चौदा’च्या किंवा सात-बाराच्या उताऱ्यातील एखादे शून्य गळाले, तर शेतकऱ्याने कोणत्या गुमास्त्याच्या दारात जावे?

उपाय अवघड नाहीत, फक्त इच्छा हवी. विद्यालयांनी पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहावयास लावावे, दुसऱ्याचे लिहिलेले वाचावयास लावावे आणि समोर बसवून तोंडी परीक्षा घ्यावी. कंपन्यांनी नवशिक्यांच्या जागा हा खर्च न मानता बियाणे मानावे. शासनाने बँक, रुग्णालय किंवा जमीन-नोंदणी यांसाठी आज्ञावली विकत घेताना ती तपासणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव करारात लिहून घ्यावे. गुमास्ते शंभर असोत. पेढीचा धनी एक असतो आणि वहीवर सही त्याची असते.

जून महिन्यात मुलामुलींना संगणकशास्त्राच्या वर्गात बसविणाऱ्या पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. ‘यंत्र आता सारे लिहून देते, शिकायचे कशाला?’ असे मुलगा म्हणू लागला, तर त्याला सांगा की यंत्र लिहीत आहे म्हणूनच शिकायचे. लिहिणारे आता अमाप होतील. वाण पडणार आहे ती चूक ऐकू येणाऱ्यांची.