‘बाहेरचं’ आणि आतलं

अंबा नदीच्या काठी, नागोठण्यासारख्या गावात एखाद्या घरचा तरणा मुलगा एकटाच बोलू लागतो. रात्ररात्र जागतो. ‘सगळे माझ्या वाइटावर टपले आहेत’ म्हणून जेवण नाकारतो. शेजारीण हलक्या आवाजात विचारते, “अहो, बाहेरचं काही नाही ना?” मग भगताला बोलावणे जाते. नारळ उतरवला जातो, अंगारा लागतो.

या घरच्यांना हसू नका. ताप नाही, जखम नाही, मग दुखणे आले कुठून? बाहेरूनच, असे वाटणे साहजिक आहे. शिवाय भगत सगळे ऐकून घेतो, घरच्यांना धीर देतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मनाच्या आजारांना भरती-ओहोटी असते. उतार कधी आपोआपही पडतो आणि त्याचे श्रेय अंगाऱ्याला मिळते. पुढे आजार उलटतो, तोवर महिने निघून गेलेले असतात. औषधे जितकी लवकर सुरू होतील, तितका माणूस सावरण्याचा संभव अधिक.

ही समजूत काही आपल्याच मुलखातली नव्हे. आफ्रिकेतही पुष्कळ ठिकाणी वेडाचे मूळ करणीत किंवा पितरांच्या कोपात शोधतात. नायजेरियातील डॉ. टॉमस लँबो यांनी १९५४ साली अबेओकुटाजवळच्या आरो येथे एक निराळा मार्ग काढला. रोगी आसपासच्या खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरी राहत. सोबत घरचे माणूस असे. उपचार डॉक्टरांचे चालत आणि गावच्या वैदूंचीही मदत घेतली जाई. श्रद्धेशी भांडण न करता त्यांनी औषध घरापर्यंत नेले.

मात्र श्रद्धेच्या नावाखाली छळ नको. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडांनी जखडलेले रोगी पळू शकले नाहीत. २८ जणांचा अंत झाला. भूत उतरवण्याच्या नावाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या केंद्रीय कायद्यानेही मनाई केली आहे.

तेव्हा तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर काय कराल? नवस बोलायचा असेल तर जरूर बोला. पण डॉक्टरकडे जाणे त्यासाठी लांबवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथून पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची वाट विचारा. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. जीव देण्याची भाषा कोणी केली, तर एक घटकाही थांबू नका आणि त्याला एकटे सोडू नका.

आणि शेजाऱ्यांनो, ‘वेडा’ म्हणून हाक मारण्याआधी त्या घरी जाऊन दोन घटका बसा. औषध डॉक्टर देतील. माणूसपण मात्र आपणच द्यायचे आहे.