पाण्याखालची फळी

रामटेक हाच कालिदासाच्या मेघदूतांतील रामगिरि, असें अनेक विद्वान मानतात. तेथून निघालेला मेघ वाऱ्याबरोबर उत्तरेस जातो. परत येण्याची चिंता त्याला नाहीं. परंतु रामटेकजवळच सूर नदीला बांध घालून झालेल्या खिंडसी तलावासारख्या विस्तीर्ण पाण्यावर कोणी शिडाची लहान होडी सोडली, तर ही चिंता त्यानें आधीं केली पाहिजे. वारा पाठीशीं घेऊन पैलतीर गांठणें सोपें आहे. त्याच वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी वाटेनें परत येणें ही खरी विद्या. आणि तिचें मर्म डोळ्यांना दिसणाऱ्या शिडांत जितकें आहे तितकेंच पाण्याखालच्या एका न दिसणाऱ्या फळींत आहे. इंग्रजींत तिला सेंटरबोर्ड म्हणतात. आपण मध्यफळी म्हणूं.

आडव्या वाऱ्यानें शीड भरलें कीं होडी पुढें जाण्यापेक्षां बाजूलाच अधिक सरकूं पाहते. होडीच्या मध्यावरील अरुंद पेटींतून मध्यफळी खालीं सोडली म्हणजे पाणी हें सरकणें अडवितें, व वाऱ्याचा जोर होडीला पुढें नेण्याच्या कामीं येतो. उथळ पाण्यांत फळी वर ओढून घेतां येते. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोक फार पूर्वीपासून तराफ्याच्या ओंडक्यांमधून अशा फळ्या सोडीत. पुढें १७७४ सालीं शँक नांवाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें बोस्टन येथें अशी होडी बांधविली, आणि १८११ सालीं अमेरिकेंतील स्वेन बंधूंनीं या युक्तीचें पेटंट घेतलें. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांत मुंबईच्या समुद्रावर फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं ज्या फायरबॉल जातीच्या होडींत सुवर्णपदक मिळविलें, तीहि मध्यफळीचीच.

जुन्या होडीचें अंग धडधाकट असतें, पण फळी आधीं जाते. कडांतून पाणी मुरतें, प्लायवुडचे थर सुटतात, फळी फुगून पेटींत अडकते किंवा पिळवटते. ती जात बंद पडलेली असल्यास नवी फळी बाजारांत मिळत नाहीं. ती करावीच लागते.

जुनी फळी कागदावर ठेवून आकार रेखावा. जाडी मात्र तिच्यावरून न घेतां पेटीच्या फटीवरून ठरवावी, कारण जुनी फळी फुगलेली असण्याचा संभव असतो. दोन्ही बाजूंस एक-दोन मिलिमीटर मोकळें राहावें. एकसंध रुंद फळा घेऊं नये, तो वांकतो. दोन-तीन इंची पट्ट्या कापून, शेजारशेजारच्या पट्ट्यांचीं वर्तुळें उलटसुलट ठेवून, पाण्याला न सुटणाऱ्या इपॉक्सीनें जोडाव्या. विदर्भाच्या जंगलांत विपुल असलेला साग यास उत्तम. पण तो तेलकट असल्यानें जोडण्यापूर्वीं ॲसिटोननें पुसावा, नाहीं तर सांधा धरत नाहीं. मग रंध्यानें घडण करावी: पुढची कड गोलसर, पुढून एक-तृतीयांशाच्या सुमारास सर्वांत जाड, आणि मागें क्रमानें निमुळती. पेटींत राहणारा वरचा भाग मात्र सपाटच राहूं द्यावा. खिळीचें भोंक मोठें पाडून इपॉक्सीनें भरावें व त्यांतून योग्य मापाचें भोंक पाडावें, म्हणजे तेथून पाणी लांकडांत शिरत नाहीं. लांकूड पाण्यांत वर येऊं पाहतें. म्हणून फळी खालीं राहण्यासाठीं शिसें बसवावें किंवा दोरी ठेवावी.

हा खटाटोप केवळ वेगासाठीं नाहीं. अशा लहान होड्या उलटतात, हें त्यांच्यावर बसणाऱ्या प्रत्येकानें गृहीत धरलेलें असतें. होडी आडवी झाली कीं पाण्यांत पडलेला मुलगा पोहत वळसा घालून येतो, बाहेर आलेल्या त्या फळीवर चढतो आणि आपल्या शरीराच्या भारानें होडी उभी करतो. त्या क्षणीं सांधा कुजलेला असेल, तर फळी त्याच्या पायांखालीं मोडते, आणि तीर दूर असतो. सुताराच्या हातांतील कसर तेथें उघडी पडते.

म्हणून जुनी होडी दुरुस्त करणाऱ्यानें रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं फळी काढून पाहावी. शीड सर्वांना दिसतें व त्याची वाहवाहि होते. परंतु घरीं परत आणणारी व पडल्यास पाय ठेवायला आधार देणारी वस्तु बहुधा पाण्याखालींच असते. संसारालाहि हें लागू आहे, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.