अकोला-वाशिम रस्त्यावरचे जुने मुक्काम : धर्मशाळा, डाक बंगला आणि तांडा

वाशिम : अकोल्याहून वाशिमचं अंतर सुमारे ८० किलोमीटर. आज दोन-अडीच तासांचा रस्ता. दीडशे वर्षांपूर्वी भरल्या बैलगाडीला याच वाटेवर तीन-चार दिवस लागायचे. बैलं दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच चालणार, मग रात्री थांबणार कुठं?

वाट साधी नव्हती, सरहद्दीची होती. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगेपलीकडं निजामाचं राज्य राहिलं. हिंगोलीला लष्करी छावणी होती. १८६७ च्या सुमारास अकोल्याला रेल्वे आली, तसा वाशिमकडचा कापूसही याच रस्त्यानं स्टेशन गाठू लागला. १८७५ ते १९०५ वाशिम स्वतंत्र जिल्हा होता, म्हणजे साहेबलोकांची ये-जाही आलीच.

साहेबांसाठी डाक बंगला : खाट, खानसामा, राहण्याचे पैसे. बाकीच्यांना धर्मशाळा किंवा देवळाची ओसरी. तिथं पैसे नाहीत. विहिरीचं पाणी, तीन दगडांची चूल आणि शिदोरी आपली. ‘डाक’ म्हणजे टपाल. ते टप्प्याटप्प्यानं जायचं, दर टप्प्याला माणूस किंवा घोडा बदलायचा. एसटीचं भाडं आजही टप्प्यावरच मोजतात, एक टप्पा सहा किलोमीटरचा!

बंजारा समाजाला मात्र धर्मशाळेची गरजच नव्हती. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून निघालेला तांडा हाच त्यांचा मुक्काम. पाणी आणि चारा दिसला की पालं पडायची. रेल्वेनं आणि पक्क्या रस्त्यांनी हा धंदा बसवला. कुटुंबं जागोजागी स्थिरावली, शेतीला लागली. मानोरा, मंगरूळपीर तालुक्यांत वस्त्यांच्या नावात ‘तांडा’ राहिला तो असा. पोहरादेवी याच मानोरा तालुक्यात आहे.

हिंगोलीच्या बाजूला पैनगंगेकाठी कनेरगाव नाका आहे. संस्थानी काळात निजामाच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात लागायची, तिला करोडगिरी म्हणत. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, गावाच्या नावातला नाका तेवढा राहिला.

आता इथून चौपदरी राष्ट्रीय महामार्ग १६१ जातो. रस्त्यालगतच्या जागेला भाव आला की पहिला डोळा जातो तो पडक्या, बेवारस दिसणाऱ्या धर्मशाळेवर. गावात अशी वास्तू असेल, तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ती कोणाच्या नावावर आहे, हे गावकऱ्यांनी एकदा पाहून घ्यावं. नोंदच नसेल, तर ग्रामसभेत विषय काढता येतो.