कुंपणावरचा मावा

थंडीत कण्हेरीच्या कुंपणाचा शेंडा वाकवून पाहिला की बहुधा तो पिवळाधमक दिसतो. कोवळ्या कोंबाला मोहरीएवढे पिवळे किडे दाटीवाटीने चिकटलेले असतात. त्यांचे पाय काळे, आणि खालच्या पानांवर चिकट चकाकी. हाच मावा. जास्वंदीवर तो हिरवट-काळपट असतो, पाने मुडपतात, कळ्या गळतात. मुंग्यांची रांग शेंड्याकडे चढताना दिसली तरी वर मावा आहे असे समजावे.

मग घाईने औषधाची बाटली आणली जाते. त्याआधी नजर कात्रीकडे जायला हवी.

कुंपण म्हणजे सतत छाटले जाणारे झाड. प्रत्येक छाटणीनंतर नवे डोळे फुटतात आणि वर युरियाची मूठ पडली की ती फूट आणखी लुसलुशीत होते. माव्याला हेच हवे असते. तो सोंड खुपसून झाडाचा अन्नरस ओढतो. त्या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारे नत्र थोडे. तेवढे नत्र मिळवायला त्याला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जादा साखर तो थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. शेतकरी त्यालाच चिकटा म्हणतात. चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि पाने काजळी धरल्यासारखी होतात. दिसायला ते भयंकर असले, तरी ही काजळी पानाच्या आत शिरत नाही. ओल्या फडक्याने पुसून निघते.

माव्याची पैदास मात्र खरोखर थक्क करणारी. 1740 च्या मे महिन्यात जिनिव्हाच्या शार्ल बॉने या वीस वर्षांच्या तरुणाने युऑनिमसच्या डहाळीवर नुकतेच जन्मलेले माव्याचे एकच पिल्लू काचेखाली ठेवले. युऑनिमस हे युरोपात कुंपणांतही वाढणारे झुडूप. नराची सावलीही न पडता त्या मादीने 95 पिल्ले दिली! आपल्या कण्हेरीवरच्या जातीतही नर जवळजवळ आढळत नाहीत. उबदार हवेत पिल्लू आठवडा-दीड आठवड्यात स्वतः जन्म देऊ लागते. गर्दी वाढली की पंख असलेल्या माद्या तयार होतात आणि शेजारच्या झाडावर जाऊन बसतात.

एवढ्या वेगापुढे माणसाची फवारणी कमीच पडते. 2002 मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि पश्चिम महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा दाट फडात शिरून फवारायचे कसे, हाच प्रश्न होता. त्याला आवरण्यात मावा खाणाऱ्या डिफाच्या अळ्यांचा आणि मायक्रोमस या कीटकाचा मोठा वाटा होता. या मित्रकीटकांच्या अळ्या-कोष असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडली गेली.

बागेतल्या कुंपणावर हे काम ढालकिडे, क्रायसोपा आणि सिरफिड माशीच्या अळ्या करतात. ढालकिड्याची अळी काळपट, लांबट, मगरीच्या पिल्लासारखी. तिलाच कीड समजून चिरडले जाते, हे फार वाईट. जहाल कीटकनाशकाने तीही मरते, मावा मात्र थोड्याच दिवसांत परततो.

म्हणून आधी पाण्याचा जोरदार फवारा, सकाळच्या वेळी, पानांच्या खालून. एकदा खाली पडलेला मावा सहसा परत वर चढू शकत नाही. फारच भरलेले शेंडे तेवढे खुडावेत. कण्हेरीला हात लावताना हातमोजे हवेत आणि तिच्या फांद्या जाळू नयेत, कारण तिचा चीक आणि धूर दोन्ही विषारी. तरी मावा हटला नाही, तर 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावी. युरिया बंद. सबंध कुंपण एकदम भादरण्यापेक्षा थोडे थोडे छाटले, तर कोवळी फूट एकाच वेळी येत नाही.

फवारण्याआधी भिंगातून एकदा पाहावे. माव्यात मधूनच तपकिरी, फुगीर, न हलणारी टरफले दिसतात. त्यांत इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. पाठीवर वाटोळे भोक असेल, तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेलेली असते. अशी टरफले असलेली डहाळी आठवडाभर तशीच राहू द्यावी.