विजेच्या तारांजवळील झाड दोराने पाडताना

चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. पावसाळ्यात येथे वारा जोराचा असतो, आणि कॉफीच्या मळ्यांत सावलीकरिता उंच झाडे राखावी लागतात. शेजारून विजेच्या तारा गेल्या असल्यास वाळलेले वा कललेले झाड वेळीच काढणे भाग पडते. खाली वऱ्हाडच्या सपाटीवर धुऱ्यावरील निंब-बाभळींचीही तीच गोष्ट. अशा वेळी कास्तकार शेंड्याकडे चऱ्हाट बांधतात, चार गडी ओढावयास लावतात व निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा प्राणावर बेतणारा आहे, म्हणून याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

दोर झाडास दिशा देतो. विजेस अडवीत नाही. रोहित्राकडे येणाऱ्या तारांत बहुधा ११,००० व्होल्ट दाब असतो, आणि घरातील २३० व्होल्टही जीव घेण्यास पुरेत. हिरव्या झाडात रस असल्यामुळे फांदी तारेस लागताच प्रवाह खोडावाटे जमिनीत उतरतो. दोर सुताचा असो वा नायलॉनचा, पावसाने व चिखलाने भिजला की तोही वीज वाहून नेतो.

याकरिता कुऱ्हाड उचलण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. लाइनमनने पुरवठा तोडून, तारा तपासून व अर्थिंग करून सांगितल्यावरच कामास हात घालावा. भारनियमनाने वीज गेली आहे, एवढ्यावर विसंबू नये. ती केव्हाही परत येते, आणि कोणाच्या जनित्रातूनही तारेत उलट प्रवाह शिरू शकतो. रोहित्रावरील फ्यूज स्वतः काढू नये.

पुढील काम असे करावे. दोर झाडाच्या सुमारे दोनतृतीयांश उंचीवर, कापणीपूर्वीच बांधावा व तारांच्या विरुद्ध दिशेस ताणावा. ओढणारांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर राहावे. झाड १२ मीटर असल्यास २४ मीटर. दोर हातास वा कमरेस गुंडाळू नये. पाडावयाच्या बाजूस खोडाच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खाच घ्यावी. मागून करवत चालविताना मध्ये थोडे लाकूड बिजागरीसारखे राखावे. ते तुटले की झाड कोठेही वळते. झाड तारांकडेच कललेले असेल, तर ते दोराच्या भरवशावर पाडू नये. वीज बंद असताना जाणत्या माणसाकडून वरून तुकडे करून उतरवावे.

झाड चालू तारेवर पडलेच, तर त्याजवळ कोणी जाऊ नये. जवळ असलेल्याने पाय जुळवून, लहान लहान सरकत दूर व्हावे. लांब टांगा टाकल्यास दोन पायांमधून प्रवाह वाहतो. लागलीच १९१२ या क्रमांकावर कळवावे. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जखमी माणसासही हात लावू नये.

साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ इत्यादी झाडांस १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हेही ध्यानी असावे. अर्जास चार दिवस लागले तरी लागोत. ओढणारे गडी आपल्याच गावचे आहेत, आणि ते संध्याकाळी घरी परतले पाहिजेत.