हंगामी स्थलांतर आणि गावची शाळा

मंठा तालुक्यात शाळेवरचे संकट बहुतेकदा वेळ ठरवून येते. कापूस-सोयाबीनने हात दिला नाही की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मुले सोबत गेली तर अर्धे वर्ष बुडते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात मंठाही होता. सवलतींमध्ये परीक्षा शुल्कमाफी होती. पण फडावर गेलेल्या पोराला तिचा काय उपयोग?

अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नाव वसतिगृहाचे असले तरी बऱ्याच ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडेच झोपतात. सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती पाहते; दुपारचे शालेय पोषण आहारातून मिळतेच. खरे काम गाड्या भरण्याआधीचे. शिक्षक तांड्या-वस्त्यांवर घरोघर फिरून यादी करतात: कोणत्या घरचा कोयता जाणार, मुले किती, मागे कोण राहणार. सगळ्यात जास्त मनधरणी थोरल्या मुलीसाठी करावी लागते. आई ऊस तोडत असताना कोपीवर तान्ह्याला सांभाळायला तीच हवी असते. आजी ‘राहू द्या माझ्यापाशी’ म्हणाली, तरच तिचे नाव यादीत टिकते. जी मुले जातातच, त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. रचना चोख आहे. मात्र ऊसतोड्यांच्या तांड्यावर हेच पालक हंगामात गावाबाहेर असतात. मग मुख्याध्यापक, मागे राहिलेले दोन-चार सदस्य आणि स्वयंपाक करणारी बाई यांच्यावरच सारा भार येतो. निधी लांबला तर किराणा उधारीवर.

कोविडकाळात अधिकार गावाकडे आणखी सरकले. जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्याचा निर्णय सरपंचाच्या अध्यक्षतेखालील समितीवर सोपवला गेला. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग मात्र १ डिसेंबरला उघडले, तेव्हा कारखान्यांचे गाळप सुरू झालेले होते. धाकट्यांना मागे ठेवावे, तर गावात शाळाच बंद होती.

म्हणून वसतिगृहाची मंजुरी आणि पहिला हप्ता दिवाळीआधी गावात पोचायला हवा. गाड्या गेल्यावर आलेल्या मंजुरीने निघून गेलेली मुले परत येत नाहीत.