पोस्टग्रेस बसवताना: विंडोज, उबुंटू, मॅक आणि आपली मराठी नावं

आजचा विषय आहे पोस्टग्रेसएसक्यूएल हा डेटाबेस संगणकावर बसवणं. बोलताना आपण नुसतं पोस्टग्रेस म्हणू. १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात याचं काम सुरू झालं आणि १९९६ पासून तो आजच्या नावानं ओळखला जातो. मुक्त स्रोत असल्यानं परवान्याचा खर्च नाही.

समोर एक उदाहरण ठेवू. समजा, कळंब तालुक्यातली एक शाळा आपलं जनरल रजिस्टर संगणकावर घेते आहे. ऑफिसातला जुना संगणक विंडोजचा, नवा उबुंटूचा, आणि एका सरांकडं मॅक आहे. रजिस्टरातलं नाव दाखल्यावर येतं आणि दाखल्यावरून पुढच्या सगळ्या कागदांवर जातं. तिथं घोळ झाला तर माणूस प्रतिज्ञापत्र करत हिंडतो. म्हणून दोन गोष्टी पाहिजेत: लिहिलेलं नाव जसंच्या तसं राहावं, आणि शोधलं की सापडावं. या दोन्हींचा पाया बसवतानाच घातला जातो.

आधी बसवण्याची कृती बघू. विंडोजसाठी एंटरप्राइझडीबी या कंपनीनं बांधलेला इन्स्टॉलर वापरतात. या कंपनीचं कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. इन्स्टॉलर काही गोष्टी विचारतो: प्रोग्रॅम कुठं ठेवायचा, माहितीचं फोल्डर कुठलं, 'पोस्टग्रेस' या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड, पोर्ट क्रमांक, जो सहसा ५४३२ असतो, आणि शेवटी लोकेल. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. लोकेलपाशी मात्र सगळेजण 'नेक्स्ट' दाबून पुढं जातात. त्याकडं आपण परत येऊ.

उबुंटूवर टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेसक्यूएल' एवढी एक आज्ञा पुरते. सेवा आपोआप सुरू होते. पासवर्ड विचारलाच जात नाही, कारण त्याच संगणकावरून येणारा वापरकर्ता कोण, हे पोस्टग्रेस थेट ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो. लोकेलही विचारलं जात नाही, संगणकाचं जे असेल ते उचललं जातं. फेडोरावर पॅकेज बसवल्यावर माहितीची जागा तयार करण्याची आज्ञा आणि सेवा सुरू करण्याची आज्ञा आपल्याला वेगळी द्यावी लागते. नवखा माणूस इथंच अडतो. मॅकवर होमब्रूनं बसवला तर मुख्य वापरकर्त्याचं नाव 'पोस्टग्रेस' नसतं, तुमचं मॅकचं लॉगिन नावच तिथं चालतं.

आता लोकेल. यात दोन प्रश्न दडलेत. पहिला, अक्षरं साठवायची कशी, म्हणजे एन्कोडिंग. उत्तर एकच: यूटीएफ-एट. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मायएसक्यूएलच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत मूळ सेटिंग लॅटिन-वन असायचं. कडक तपासणी बंद असेल तर त्यात मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जायची. ती परत नाव होत नाहीत, मूळ कागद काढून पुन्हा टाइप करावं लागतं. आणि जुनी माहिती शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल, तर आत खरं म्हणजे रोमन अक्षरांचेच कोड आहेत. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी नाव मागवलं आणि 'विन-१२५२ मध्ये समतुल्य अक्षर नाही' अशी चूक आली, तर घाबरू नका. आतली माहिती शाबूत असते, दाखवणाऱ्या खिडकीला देवनागरी येत नसते. तेच नाव पीजीॲडमिनमध्ये उघडून बघा.

दुसरा प्रश्न अक्षरांच्या क्रमाचा. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' च्या नंतर. युनिकोडच्या तक्त्यात तो बसलाय 'ल' च्या शेजारी. आता तीन गावं घ्या: करंजकल्ला, कळंब, कसबे तडवळे. नुसत्या कोडच्या क्रमानं लावली तर कळंब मधे येतं. मराठी क्रमानं लावली तर कळंब शेवटी. कुठला क्रम मिळेल, हे लोकेलवर ठरतं, आणि हे लोकेल प्रत्येक सिस्टीमचं वेगळं.

तुम्ही म्हणाल, यादी पुढंमागं झाली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. पटकन शोधता यावं म्हणून डेटाबेस नावांची सूची, म्हणजे इंडेक्स, क्रमानं लावून डिस्कवर ठेवतो. उद्या सिस्टीमनं क्रमच बदलला, तर तो चुकीच्या पानावर शोधतो आणि 'नाव नाही' म्हणतो. नाव आत असतं, पण सापडत नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली आणि तिनं क्रमाचे नियम बदलले, तेव्हा जगभर लोकांना इंडेक्स नव्यानं बांधावे लागले.

यावर उपाय आहे. क्रम सिस्टीमवर न सोपवता आयसीयू या स्वतंत्र लायब्ररीवर सोपवायचा. पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीपासून अख्ख्या डेटाबेससाठी हे करता येतं. नवा डेटाबेस बनवताना टेम्पलेट-झिरो, एन्कोडिंग यूटीएफ-एट, लोकेल प्रोव्हायडर आयसीयू आणि आयसीयू लोकेल 'एमआर-आयएन' असं लिहा. उबुंटू २२.०४ वर १४ वी आवृत्ती मिळते, तिथं पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भांडारातून नवी घ्या. २४.०४ वर १६ वी येते, ती चालेल. आयसीयूची आवृत्तीही कधीतरी बदलते. पण तेव्हा पोस्टग्रेस स्वतः इशारा देतो. तो दिसला की 'रीइंडेक्स' चालवा.

विंडोजवरून उबुंटूवर जाताना माहितीचं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकू नका, ते तिकडं चालत नाही. 'पीजी-डम्प' नं प्रत काढा, नव्या जागी वर सांगितल्यासारखा डेटाबेस बनवा आणि त्यात ती भरा. इंडेक्स तिथं नव्यानं बांधले जातात.

रजिस्टर भरायला घेण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करा. 'शो सर्व्हर अंडरस्कोर एन्कोडिंग' विचारा, उत्तर यूटीएफ-एट आलं पाहिजे. मग ती तीन गावं भरा आणि क्रमानं मागवा. कळंब शेवटी आलं तर पहिल्या विद्यार्थ्याचं नाव टाका. मधे आलं तर डेटाबेस पुसून पुन्हा बनवा. रिकामा आहे तोवर त्याला दोन मिनिटं लागतात.